डर्बीशायरमधल्या दोघीजणी

मैत्रिणींनो, मुलाकडे-लेकीकडे इंग्लंडला जाणं झालं, तर लंडनवरच थांबू नका. डर्बीशायर परगणाही पाहा. तिथला हार्डविक हॉल हा वाडा एलिझाबेथ श्रूजबरी या सरदारणीनं १५९० ते १५९७ मध्ये बांधवला. चारदा लग्न झालेली ही बाई हिशेबाच्या वह्या स्वतः तपासून सही करी. बुरुजांवर तिच्याच नावाची आद्याक्षरं आहेत! आतलं भरतकाम अगदी सवडीनं बघा हं.

मग ईम गावच्या चर्चच्या आवारात जा. १६६६ च्या प्लेगात साथ पसरू नये म्हणून या गावानं आपणहून वेशी बंद केल्या. पाद्र्याची बायको कॅथरिन मॉम्पेसन हिनं मुलं परगावी पाठवली, स्वतः नवऱ्याजवळ राहिली आणि त्याच साथीत गेली.

एकीनं वाडा मागं ठेवला, दुसरीनं नुसतं थडगं. माझे पाय मात्र थडग्यापाशीच जास्त रेंगाळले.