पाटीवरची सही

आमच्या खटाव तालुक्यात 'सदाशिवपेठी' हा शब्द कौतुकानं वापरत नाहीत. लिखाण फार शुद्ध, फार बेतशीर आणि घामाचा वास नसलेलं असलं की म्हणायचं, 'सदाशिवपेठी आहे.' पेठ पेशवाईतली, १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची. पण गंमत बघा. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ साली स्थापन झाली, तिची इमारत टिळक रस्त्याला, म्हणजे याच पेठेत. कागलच्या मातीतली आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ साली आली, ती काढणाऱ्या मेहता पब्लिशिंग हाऊसचा पत्ताही सदाशिव पेठेचाच. आम्ही ज्या पेठेला नावं ठेवतो, तिथूनच आमची दुखणी छापून बाहेर पडली.

मी दहावी झालेला शेतकरी. कांदा घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात यायचं, लिलाव उरकायचा, पट्टी हातात पडली की दिवस मोकळा. मग टिळक रस्त्यानं चालत जायचं. कुठं व्याख्यान, कुठं कथेची कार्यशाळा, कुठं नुसताच चहा आणि वाद. वीस-बावीस वर्षं हे चाललंय. ऐकून ऐकून एक कळलं, की गोष्ट कशी लिहावी यावरचे वाद मोजकेच आहेत. माणसं बदलतात, वाद तेच राहतात.

पहिला वाद, लेखक जन्मावा लागतो की घडवता येतो. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून सांगितलं, की कथा-कादंबरीला तंत्र असतं आणि ते समजून घेता येतं. दुसऱ्या बाजूचे अण्णा भाऊ साठ्यांचं नाव घेतात. शाळेत दीड दिवस गेलेला माणूस, त्यानं १९५९ साली 'फकिरा' दिली. मग तंत्र कशाला पाहिजे? मला वाटतं, दोन्हीकडचे अर्धंच बोलतात. अण्णा भाऊ शाळेत शिकले नाहीत, पण तमाशात, पोवाड्यात शिकले. हजार माणसांना रात्रभर बसवून कसं ठेवायचं, हे फडावर कळलेल्या माणसाला तंत्र नव्हतं असं कोण म्हणेल? आमच्याकडं कुणी जन्मतः पेरणी शिकून येत नाही, आणि नुसतं पुस्तक वाचून वाफसाही ओळखता येत नाही.

दुसरा वाद भाषेचा. गावाकडची गोष्ट गावाच्या बोलीतच सगळी लिहावी, नाहीतर ती खोटी, असं काहीजण ठासून सांगतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. तिथं गोष्ट सांगणारा मास्तर साध्या प्रमाण मराठीत सांगतो, धनगर आपल्या बोलीत बोलतात. यादवांची 'गोतावळा' १९७१ची. तिथं शेतगडी नारबा अख्खी गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगतो. मालक ट्रॅक्टर आणतो आणि ज्या जनावरांत नारबाचा जीव आहे ती जनावरं एकेक जातात. आता यातली खोटी कुठली? दोन्ही खऱ्या. कारण एक मास्तर सांगतोय आणि एक गडी. गोष्ट कोण सांगतंय हे ठरलं, की भाषा आपसूक ठरते.

तिसरं म्हणणं, आपण जगलो तेवढंच लिहावं. यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. माडगूळकर काही धनगर नव्हते. ते बघत राहिले, ऐकत राहिले. दुसऱ्याच्या दुःखाशी बसायला वेळ द्यावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि फडके-खांडेकरांचा तो जुना वाद, कला कलेसाठी की जीवनासाठी, तो तर अजून चहाच्या टेबलावर निघतो. दोन्ही बाजू मला तोंडपाठ आहेत.

पण या वादांचा माझ्याशी खरा संबंध आला तो आईच्या गोष्टीमुळं.

१९८३ साली माझ्या मामांनी आजोबांच्या जमिनीची वाटणी करायला घेतली. आईनं हक्कसोडपत्र करून द्यायचं ठरलं. कुणी ठरवलं, ते विचारू नका. माहेर तुटू नये म्हणून बहिणी जे करतात तेच तिनं केलं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. आठ दिवस आधी आई मला म्हणाली, "मला माझं नाव लिवायला शिकव. अंगठा न्हाई लावायची मी." चुलीपुढं बसून धाकट्या बहिणीच्या पाटीवर तिनं नाव गिरवलं. रात्री पाटी पुसायची, सकाळी पुन्हा लिहायची. कचेरीत कारकुनानं शाईचा डबा पुढं सरकवला, तर तो तिनं मागं सारला आणि पेन मागितलं. तिच्या आयुष्यातली पहिली सही तिचीच जमीन दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर झाली. आणि सही झाल्यावर ती हसली. खरंच हसली.

या घटनेची मी कथा केली. नावं बदलली, गाव बदललं. सदाशिव पेठेतल्या एका कार्यशाळेत ती वाचली. वाचून झाल्यावर एक तरुण मुलगा म्हणाला, "काका, शेवट पटत नाही. जमीन गेली आणि बाई हसते? तिनं रडायला पाहिजे." एक बाई म्हणाल्या, ग्रामीण कथा आहे तर दुष्काळ कुठं आहे? मी म्हणालो, "हे खरंच घडलंय." त्यावर शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "घडलं असेल. पण घडलं म्हणून वाचकाला पटतंच असं नाही. कथेला तुमची साक्ष चालत नाही, कथेनंच स्वतःची साक्ष द्यायला लागते."

येताना एसटीत खिडकीशी बसून हेच डोक्यात घोळत होतं. सरांचं म्हणणं मला मान्य होतं. पण उपाय तिला रडवण्याचा नव्हता. माझ्या कागदावर कथा कचेरीच्या दारातून सुरू होत होती. वाचकानं चूल पाहिलीच नव्हती. आठ दिवसांची पाटी, खडूनं पांढरी झालेली बोटं, उलटं निघणारं वळण, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. म्हणून कथा पाटीपासून लिहायला घेतली. शेवटाचा एक शब्द बदलला नाही.

छापायला देण्याआधी मात्र एक प्रश्न राहिला, आणि त्यावर कुठल्या कार्यशाळेत उत्तर मिळत नाही. नावं बदलली तरी भावकी ओळखणारच. मामा आता नाहीत, पण मामेभाऊ आहेत. दिवाळीला आईला अजून तिथून साडी येते. चाळीस वर्षांपूर्वी जमीन देऊन राखलेलं माहेर माझ्या सहा पानांनी तुटलं तर? कला कलेसाठी म्हणणाऱ्यानं हे सांगावं, आणि जीवनासाठी म्हणणाऱ्यानंही.

मी आईला सगळी कथा वाचून दाखवली. आई पंच्याऐंशीची, ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. त्या मुलाचं म्हणणंही सांगितलं, की तू रडायला पाहिजे होतंस. ती म्हणाली, "रडायला येळ कुठं हुता? म्हशीच्या धारंला घरी पोचायचं हुतं." मग जरा थांबून म्हणाली, "आन् रडले असते तर भावांना वाटलं असतं, मी राजी न्हाई."

हे वाक्य माझ्या कथेत नव्हतं. मला सुचलंही नसतं. एकवीस वर्षांचा मी तिच्या शेजारी उभा होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्या हसण्याचं एवढं कारण मला तिच्या तोंडूनच कळलं. ते हसणं सहीचंही होतं आणि भावांसाठीही होतं.

मी विचारलं, "आय, छापू का?"

"छाप की. गाव बदललंय न्हवं तू? पर भावांना वंगाळ लिवू नगंस. त्यांच्यापशीबी दुसरं काय नव्हतं."

मग मी पुन्हा बसलो. मामांना एक प्रसंग दिला. वाटणीच्या आदल्या रात्री थोरला भाऊ बहिणीसाठी ज्वारीचं पोतं बांधून ठेवतो आणि तिच्याकडं बघायचं टाळतो. हे घडलं होतं का? पोतं आलं होतं, एवढं मला आठवतं. ते कुणी बांधलं, कसं बांधलं, तो कुठं बघत होता, हे मी रचलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आसंच आसंल."

कुणी नवा पोरगा आता मला विचारतो, खरं लिहावं का रचून लिहावं? मी त्याला सांगतो, दोन्ही कर. आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस हयात असेल, तर त्याला मोठ्यानं वाचून दाखव.