मिसिंग वेगळं, नॉकिंग वेगळं

आज स्वयंपाकघराला सुट्टी. आज बॉनेट उघडायचंय.

आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. मामंजींनी घेतलेली, कार्बोरेटरवाली. दुसरी गाडी ह्यांच्याबरोबर पुण्याला असते. त्यामुळे आत्तींना डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला जयसिंगपूरहून मिरजेला न्यायचं ते ह्याच गाडीतून, आणि चालवायची मीच. त्या इंजेक्शनची तारीख चुकवून चालत नाही, म्हणून पावसाळ्यात गाडी थरथरायला लागली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

दोन तक्रारी होत्या. सिग्नलला उभी असली की गाडी अंग झटकल्यासारखी हलायची, आणि ओल्या सकाळी जास्तच. दुसरी म्हणजे अंकलीच्या पुलाचा चढ चौथ्या गेअरमध्ये चढताना डब्यात गोट्या हलवल्यासारखी कणकण. ज्या गॅरेजमध्ये आधी दाखवली त्यांनी दोन मिनिटं कान दिला आणि सांगितलं, "ताई, इंजिन काम काढलंय. २८,००० धरून चाला." वर, "नाहीतर भंगारात द्या."

मामंजींना आता ऐकू फार कमी येतं. ते अंगणात आले, चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "एक मडकं मेलंय. पण उघडायला लावू नकोस. आधी कधी, कुठं, किती, ते वहीत लिही."

मी लिहिलं. थंड इंजिन की गरम, उभी गाडी की चढ, पाय दाबला की सोडला. आठ दिवसांच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. थरथर उभ्या गाडीतही होती. कणकण फक्त चढावर, जोर लागताना यायची आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की लगेच थांबायची. म्हणजे ही दोन दुखणी होती, आणि एकाच नावाखाली २८,००० मागितले गेले होते.

मिसिंग म्हणजे काय, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. ८०० ला सिलिंडर तीनच. पंगतीला भाताचं पातेलं तिघींनी उचललंय आणि एकीनं हात सोडला, तर उरलेल्या दोघींची जी गत होते तीच इंजिनाची होते. चार सिलिंडरच्या गाडीत एवढं जाणवत नाही. नॉकिंगमध्ये उलट आहे. तिथं पेट्रोल पेटतं, पण शिस्तीनं नाही. प्लगच्या ठिणगीपासून ज्वाळा पसरत जायला हवी. ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपलं आपणच भडकतं. गॅसचं बटण सोडून काडी उशिरा लावली की जो भपका होतो ना, तसं. तो दणका पिस्टनवर बसतो. बरेच महिने तसंच चालवलं तर पिस्टन खरंच जातो, त्यामुळे दुर्लक्ष करायची गोष्ट नव्हेच.

तिसरा एक आवाज असतो, बेअरिंगचा. जड, खोल ठकठक, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी, आणि बरेचदा ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. तो आला तर गाडी तिथंच बंद करायची, घरापर्यंतही आणायची नाही. आमचा तो नव्हता, हे वहीनंच सांगितलं.

मग मामंजींच्या ओळखीच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवून पकडीनं एकेक प्लगची वायर काढून बघितली. पहिली काढली, आवाज बसला. दुसरी काढली, बसला. तिसरी काढली तर काहीच फरक नाही! मेलेलं मडकं ते. (हे घरी करू नका, त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात.) मग प्लग काढले. दोन प्लगांची टोकं भाजलेल्या खव्याच्या रंगाची, तिसरा काळा, ओला, पेट्रोलचा वास येणारा. पेट्रोल पोचत होतं, पण ठिणगी पोचत नव्हती. त्यांनी तो प्लग पहिल्या जागी लावून पाहिला तर तिथं नीट चालला, म्हणजे दोष प्लगचाही नाही. शटर ओढून अंधार केला, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, आणि तिसऱ्या वायरीवरून निळी ठिणगी बाजूच्या लोखंडावर उडताना मला माझ्या डोळ्यांनी दिसली. रबराला तडे गेले होते. ओल्या सकाळी जास्त का, ह्याचं उत्तर तिथंच मिळालं.

कॉम्प्रेशनही मोजलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. रिंगा, व्हॉल्व्ह ठीक. २८,००० चा विषय तिथंच संपला.

नवीन वायरींनी थरथर गेली, पण पुलावरची कणकण राहिलीच. मी पेट्रोलला दोष द्यायला निघाले होते, कारण हल्ली त्यात इथेनॉल असतं. मेस्त्री म्हणाले, इथेनॉलनं जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होऊ शकतात, मिश्रण पातळ होतं, हे खरं. पण ऑक्टेन वाढतं, म्हणून नॉकिंग उलट कमी व्हायला पाहिजे. त्यांनी टायमिंगचा दिवा लावला. ठिणगी खुणेच्या बरीच आधी पडत होती. डिस्ट्रिब्युटर कुणीतरी फिरवून ठेवला होता. का, तर एक सिलिंडर कमजोर पडल्यावर पिकअप गेला, आणि तो परत आणायला टायमिंग पुढं ओढलं. मूळ दुखणं तसंच, वर दुसरं आणून ठेवलं. किती घरांत असं चालतं, ते तुम्हाला सांगायला नको.

टायमिंग खुणेवर आणलं, डिस्ट्रिब्युटरची कॅप, प्लग आणि पेट्रोलचा रबरी पाइप बदलला. मजुरीसकट दोन हजारांच्या आत. पिकअप किंचित मऊ वाटतो, पण पूल तिसऱ्या गेअरमध्ये बिनआवाज चढतो. चौथ्यात रेटायची मामंजींची सवय होती, माझी नाही.

गाडीचं पासिंग २०२७ मध्ये पुन्हा आहे. हे म्हणतात तेव्हा विकू. मामंजींना अजून कुणी विचारलेलं नाही. आत्तींचं पुढचं इंजेक्शन येत्या गुरुवारी, सकाळी दहाला.