सहावीची जागा

अथेन्समध्ये दोनच दिवस असतील, तर अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम चुकवू नका. इरेक्थिऑन मंदिराच्या ओसरीचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा संगमरवरी मुलींपैकी पाच इथं आहेत. सहावी लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. दोनशे वर्षांपूर्वी लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी नेलेली. तिची जागा मोकळीच ठेवलीय. पाचजणींचे चेहरे झिजलेत, म्हणून मी वळसा घालून मागं गेले. जाडजूड वेण्या अजून शाबूत!

वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी. मूळ दगड पिवळसर, मधेमधे प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतिकृती. पांढरं दिसलं की समजायचं, मूळ तुकडा परदेशात, बहुतेक लंडनलाच. गाईड कशाला हवा? मी पांढरे मोजायला लागले. अर्ध्यावर सोडून दिलं.