अर्धा सूर खाली

आमच्या घरात सगळेच गायक अर्धा सूर उतरून गायचे. भीमसेन जोशी असोत, लता मंगेशकर असोत नाहीतर शाहीर साबळे, कुणाची सुटका नव्हती. हे पहिल्यांदा लक्षात आलं अण्णांच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सकाळी विविध भारतीवर लागलेलं गाणं ते काळी दोनमध्ये धरायचे आणि संध्याकाळी तेच गाणं टेपवर लावलं की ते पांढरी दोनवर येऊन बसलेलं असायचं. "आपल्या टेपला पडसं झालंय," ते म्हणायचे आणि आपणही एक पट्टी उतरून वाजवू लागायचे. भांडण करायचा त्यांचा स्वभाव नव्हता, यंत्राशीही नाही.

पडशाचं कारण मला माहीत होतं, कारण मीच टेप दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. साल १९८५. उस्मानाबादच्या एसटी स्टँडजवळ एका बोळात रेडिओ मेकॅनिकची टपरीवजा जागा होती. टेपचा रबरी पट्टा सैल झाला होता. त्याने तो बदलला, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मग बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन मोटरच्या बुडाशी असलेल्या छिद्रात घातला. तिथे मोटरचा वेग कमीजास्त करायचा स्क्रू असतो. स्वतःच्या ड्रॉवरमधली एक कॅसेट लावून, डोळे मिटून, तो स्क्रू फिरवत राहिला. एका जागी थांबला आणि म्हणाला, "हां, हितं बसला बघ आवाज." कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकली पाहिजे असा जगभरचा नियम आहे. आमच्या घरची मात्र त्या माणसाच्या कानाने ठरवलेल्या वेगाने सरकत होती. वेग साधारण सहा टक्क्यांनी उतरला की सूर एका पट्टीने उतरतो. हे गणित मला फार नंतर कळलं.

त्या टेपवर १९८७च्या दिवाळीत एक नव्वद मिनिटांची कॅसेट लागली. आतेभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता, होस्टेलवरच्या कुणाच्या कॅसेटवरून त्याने ती भरून आणली होती, आणि ती मूळ कॅसेटही दुसऱ्या कुठल्या कॅसेटवरून भरलेली होती. एका बाजूला डीप पर्पल, दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइड या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. लेबलवर बॉलपेनने फक्त 'पिंक' लिहिलेलं. आई म्हणाली, नाव तरी बरं आहे.

त्रेचाळीस मिनिटांचा हा अल्बम १९७३च्या मार्चमध्ये आला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला, इंजिनिअर होते ॲलन पार्सन्स. त्याच्या सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत आणि शेवटीही. आमच्या टेपवर ते ठोके जरा निवांत पडायचे, दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसाचे असावेत तसे. पुढे एकदम पुष्कळ घड्याळं एकत्र वाजतात. जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन पार्सन्सनी ती एकेक ध्वनिमुद्रित केली होती. आमच्या घरात ती वाजली तेव्हा ओसरीवर झोपलेले आजोबा उठून बसले होते.

पण गोष्ट सांगायची ती पैशाच्या गाण्याची. 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटी असे आवाज येतात. बँडमधल्या रॉजर वॉटर्सची तेव्हाची पत्नी मातीकाम करायची. ती ज्यात माती मळायची त्या भांड्यात नाणी टाकून हा आवाज मिळवला. मग फितीचे सात सारखे तुकडे फूटपट्टीने मोजून कापले, चिकटवले आणि त्याचं गोल रीळ करून ते फिरत ठेवलं. (गोरोबाकाकांचं तेर आमच्यापासून फार लांब नाही. कुंभाराच्या मातीतून सूर निघतो याचं आम्हाला काय नवल.) त्या दिवशी अण्णांकडे भजनी मंडळाचे तबलजी आले होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मांडीवर चापट मारून ताल शिकवणारे गृहस्थ. त्यांनी हे गाणं ऐकलं, पानाची पिंक टाकून आले, आणि गुडघ्यावर मोजू लागले. दोनदा मोजलं. मग म्हणाले, "आरं, हे तर रूपक हाय की! सात मात्रा. इंग्रजांना कुणी शिकवला?"

गाणं पुढे गेलं, सॅक्सोफोन वाजला, त्यांचा हात गुडघ्यावर सातातच फिरत होता. मग गिटार सुरू झाली आणि हात अडखळला. क्षणभर. "केरवा धरला गड्यांनी," ते म्हणाले आणि हात चारात वळवला. गिटारचा तुकडा संपून गाणं पुन्हा सातात आलं तेव्हा त्यांनी दाद दिली, तीही भजनात देतात तशीच, "वा रे माउली." या अल्बमवर मी नंतर इंग्रजीत बरंच वाचलं. सात मात्रांतून चारात जाणं आणि परत येणं यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. ती वाचताना प्रत्येक वेळी मला तो गुडघा आठवतो.

नोकरी लागून मुंबईला गेलो आणि १९९४मध्ये काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन याच अल्बमची सीडी घेतली. उसनं मागून सीडी प्लेअर आणला. ठोके सुरू झाले आणि मला वाटलं, प्लेअर बिघडला. सगळंच घाईत होतं. आवाज पातळ, गायकाला कुठे तरी गाडी गाठायची असल्यासारखा. घरून आणलेली, आता अण्णा वापरत नव्हते ती जुनी पेटी खोलीवर होती. मी सूर शोधला. बरोबर एक पट्टी वर. तेव्हा स्क्रू ड्रायव्हरवाल्याचे मिटलेले डोळे आठवले. सात वर्षं मी हा अल्बम चुकीचा ऐकला होता, आणि बरोबर प्रत मला सहन होत नव्हती. फितीवरची ती बारीक सरसर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी, तीही नव्हती. गाण्यांच्या मधली शांतता इतकी कोरी की वीज गेली असं वाटावं.

हा माझा एकट्याचा गावठी प्रकार आहे अशी माझी समजूत होती. मग कळलं की मोठमोठ्या मंडळींचंही असंच झालंय. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा जाझमधला सर्वांत नावाजलेला अल्बम, १९५९चा. २ मार्चला त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा स्टुडिओतलं मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली फीत नीट यंत्रावर वाजवली की सूर चढतो. त्यामुळे तबकडीची पहिली बाजू जगभर जराशा चढ्या सुरात विकली गेली, तब्बल ३३ वर्षं. तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्या पोरांनी आपापली वाद्यं त्या चढ्या सुराला लावली असणार. १९९२मध्ये चूक सुधारली गेली, कारण त्या दिवशी खबरदारी म्हणून शेजारी दुसरं यंत्रही चालू ठेवलं होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. दुसरी फीत होती म्हणून पहिलीला खोटं ठरवता आलं.

आपल्या जुन्या तबकड्यांना तेवढंही नशीब नाही. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तिथपासून पुढची कैक वर्षं तबकडीचा वेग ठरलेला असा नव्हताच. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. आज त्या तबकड्यांचं नवं रूप काढणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं की बाई नेमक्या कुठल्या पट्टीत गात होत्या. साथीची पेटी ऐकायची, अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तर बाईंचं वयच बदलतं.

जुन्या मुद्रणाचं असं नवं रूप म्हणजे रिमास्टर. ते नेमकं काय, हे लोकांना समजावताना मी एक उपमा देतो. सगळी वाद्यं फितीवरच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, ती पुन्हा मिसळली तर तो रिमिक्स. म्हणजे पीठ पुन्हा मळून भाकरी थापणं. रिमास्टरमध्ये भाकरी तीच, थापलेली. फक्त तवा नवा, आच नवी. उपमा ओढूनताणून आणलीय हे मान्य, पण ऐकणाऱ्याला भूक लागते आणि तो पुढे प्रश्न विचारत नाही. आच म्हणण्यात थोडं तथ्यही आहे. १९७०च्या दशकातल्या पुष्कळ फितींचं डिंकासारखं अस्तर दमट हवेने चिकट होतं, वाजवायला गेलं की सोलून निघतं. अशा फिती आधी पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास चक्क भाजतात, आणि मगच त्यांच्यावरून नवी प्रत उतरवतात. आमच्या माळवदावरच्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात ठेवलेल्या कॅसेटांचं मात्र भाजून भलं झालं नाही, त्यांची कवचं वाकडी झाली.

आच जास्त झाली की काय होतं हे कॅसेटच्या आणि सीडीच्या, दोन्ही काळांत पाहिलं. आमच्याकडचं पहिलं रिमास्टर म्हणजे झंकार बीट्स. रफी-लताची जुनी गाणी, त्यावर इलेक्ट्रॉनिक ढोलकीचा ठोका आणि विहिरीतून यावा तसा घुमारा. नव्वदच्या आसपास तुळजापूरला जाणाऱ्या जीपगाड्यांत दुसरं काही वाजायचंच नाही. माझ्या पिढीतल्या काहींना ती गाणी ठोक्याशिवाय आठवतच नाहीत. परदेशी मंडळींनी यापेक्षा वेगळं केलं नाही, फक्त ढोलकी लावली नाही. सीडी आल्यावर प्रत्येकाला आपली प्रत शेजारच्यापेक्षा मोठ्या आवाजात वाजायला हवी होती. आवाजाला वरची मर्यादा असते, मग हळू जागा वर उचलायच्या आणि उंच जागा छाटायच्या. इगी पॉपने आपला १९७३चा 'रॉ पॉवर' १९९७मध्ये नव्याने मिसळला तो इतका कर्कश की आजही त्याचं उदाहरण देतात. २००८मध्ये मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'बाबत ऐकणाऱ्यांनीच तक्रार केली. व्हिडिओ गेममध्ये आलेली त्याच गाण्यांची प्रत सीडीपेक्षा मोकळी वाजत होती. अशा गाण्याचं चित्र संगणकावर पाहिलं तर वीटभट्टीवरच्या रचलेल्या विटा दिसतात. जुन्या प्रतीचं चित्र म्हणजे येडशीच्या घाटातून दिसणारे डोंगर, मध्ये दऱ्या आहेत म्हणून डोंगर.

वरातीतला डीजे ऐकताना मला हेच वाटतं. छातीत धडधडतं, पण त्यात वर जायला जागाच नसते, कारण तो पहिल्यापासून वरच असतो. गोंधळी संबळ वाजवायला घेतो तेव्हा आधी काठ्या नुसत्या फिरवतो. तुणतुणं बारीक वाजत राहतं. मध्यरात्र उलटल्यावर संबळाचा जो आवाज निघतो तो त्या आधीच्या हळू आवाजामुळे मोठा असतो. आता ऑनलाइन ऐकवणाऱ्या कंपन्या जास्त मोठी गाणी आपोआप खाली ओढतात, सगळ्यांना एका पातळीवर आणतात. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं ओरडून कमावलेलं सगळं फुकट. मला याचा जरा आसुरी आनंद झाला.

'डार्क साइड'च्या त्या पहिल्या सीडीशिवाय माझ्याकडे आणखी तीन अधिकृत प्रती आहेत: तिसाव्या वर्षानिमित्त निघालेली २००३ची, मग २०११ची, आणि पन्नासाव्या वर्षाची २०२३ची. एकच गाणं चारदा विकत घेणाऱ्या माणसाने त्यातलं 'मनी' ऐकावं यावर बायको काही बोलत नाही, नुसती बघते. फरक आहेत. घड्याळांच्या मागची खोली ऐकू येते, गिटारीच्या तारेवरून सरकणारं बोट ऐकू येतं. हे ऐकू यावं असं बनवणाऱ्यांना वाटत होतं की नाही, कोण जाणे.

गेल्या वर्षी धाराशिवला घर आवरायला गेलो. (माझ्या जन्मदाखल्यावर उस्मानाबाद आहे, आजीच्या तोंडी नेहमी धाराशिवच होतं, त्यामुळे पाटी बदलली तेव्हा आमच्या घरात कुणाची जीभ अडखळली नाही.) 'पिंक' लिहिलेली कॅसेट सापडली. टेप नव्हता, तो भंगारवाल्याकडे जाऊन जमाना झाला. मुलीने पुण्यात कुणाकडून तरी ती कॅसेट वाजवून पाहिली, तर बऱ्याच ठिकाणी फीत चिकटलेली. जे वाजलं ते अर्थात बरोबर वेगाने वाजलं. चूक कॅसेटमध्ये नव्हतीच, आमच्या मोटरच्या स्क्रूमध्ये होती, आणि तो स्क्रू गेला.

मी तिला म्हटलं, नवीच प्रत घे आणि हळू कर. तिने फोनवर केली. वेग उतरला, सूर जिथल्या तिथे. आताची यंत्रं हुशार, वेग बदलला तरी सूर ढळू देत नाहीत. गायक आळस देत गातोय असं वाटलं. मग तिने दुसरं काही तरी शोधलं, त्यात सूर आणि वेग दोन्ही हातात हात घालून उतरत होते. "किती खाली, बाबा?" सहा टक्के, मी म्हटलं. तिने केलं. जवळपास तेच. पण मेकॅनिकने काही सहा मोजले नव्हते. साडेपाच असतील, सात असतील.

मी अण्णांची तीच जुनी पेटी काढली, ती पुन्हा घरी आली होती. पांढरी दोन दाबली, गाण्याशी जुळेना. काळी एक, तीही नाही. मग आईने आतून सांगितलं की पेटी मध्ये सोलापूरला पाठवली होती, सगळे सूर घासून नव्याने लावून आणलेत, आधी ती जरा उतरलेलीच होती. म्हणजे काळी दोन, पांढरी दोन हे अण्णांचे आकडेही त्या उतरलेल्या पेटीवरचे.

मुलगी बोट फोनवर ठेवून थांबली होती. ठोके पडत होते.

"झालं?"

"अजून जरा खाली घे," मी म्हटलं. "नाही, एवढं नको."