म्हादईच्या पाण्यातलं न दिसणारं शेत

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना कणकुंबी लागतं. इथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. पणजीला पोचल्यावर आपण कॅसिनोच्या बोटींपुढे फोटो काढतो. मी म्हणेन, थोडं पुढे रायबंदरला जा, चोडणची फेरीबोट धरा आणि नुसतं पाणी बघा.

जुलैत मी या बोटीतून गेले तेव्हा पाणी तांबूस, गढूळ होतं. डिसेंबरात त्याच धक्क्यावर ते निवळून हिरवट झालं होतं. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेत असतं. वनस्पती प्लवक हे त्यातलं पीक. नदी नायट्रेट, फॉस्फेट आणि खडक झिजून सुटलेलं सिलिकेट आणते, तेच त्यांचं खत. डायटम नावाचे प्लवक तर सिलिकेटपासून काचेसारखं कवच बांधतात. ऊन मिळालं की हे पीक कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं.

दुसरीकडे जिवाणू आणि प्राणी प्लवक श्वासावाटे तोच कार्बन परत सोडतात. म्हणजे रोजचा जमाखर्चच. पावसाळ्यात खत भरपूर असतं, पण गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. शिवाय वाहून आलेला पालापाचोळा जिवाणूंना आयता मिळतो. मग खर्च जमेवर मात करतो आणि खाडीतला कार्बन हवेत जातो. पाणी निवळलं की जमेची बाजू सावरते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-झुआरीचा असा अभ्यास केला आहे.

“मग सांडपाण्याने खत वाढलं तर चांगलंच ना, मावशी?” बोटीत भाचीने विचारलं. पीक वाढतं खरं. पण सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस जास्त, सिलिकेट कमी. त्यामुळे डायटम मागे पडतात आणि इतर, कधी विषारीही, प्लवकांचं फावतं. ते मेले की जिवाणू त्यांना कुजवतात, कार्बन परत सुटतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. अशा वेळी शेवटे पोहून निघून जातील. चिखलातल्या तिसऱ्या कुठे जाणार?

तिसऱ्या हेच प्लवक गाळून खातात आणि आपण तिसऱ्यांचं सुकं खातो. म्हणून खाडीकाठी खोली घेताना एसी आहे का, याबरोबर सांडपाणी कुठे सोडता, हेही विचारत चला.