इस्त्रीविना चार दिवस

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरातील अकरा माणसे मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊन आली. बाबूजी आणि सासूबाई यांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त दोन्ही मुलांनी मिळून हा बेत आखला होता. चातुर्मास संपल्यावरच निघायचे, एवढी एकच अट सासूबाईंनी घातली. भिवापूर हे मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. तेथून समुद्राला गाठायचे म्हणजे आधी मोटारीने नागपूर, मग विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास, सकाळी मुंबई आणि तेथून बॅलार्ड पियरचा धक्का. बॅग भरल्यापासून ती जहाजावरच्या खोलीत उघडेपर्यंत दीड दिवस सहज निघून जातो. दीड दिवस दाबून बसलेल्या कपड्यांचे काय होते, हे कापडाच्या व्यापारात तीन पिढ्या घालवलेल्या आमच्यासारख्या घराला ठाऊक असायला हवे होते. ते ठाऊक होतेही. पण घाईत विसरले गेले.

येथे घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानाची वाटणी झाली. मोठ्याने कोणी बोलले नाही, पंच बोलवावे लागले नाहीत, वह्या शांतपणे वेगळ्या झाल्या. ठाण आणि साड्या आमच्याकडे राहिल्या, तयार कपड्यांचे दुकान धाकट्या दिरांनी थाटले. मध्ये फक्त एक भिंत आली. परंतु त्या भिंतीमुळे धाकटी जाऊ आणि मी यांच्यातील रोजचे बोलणे थांबले. संवत्सरीला आम्ही एकमेकींसमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत होतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा आपापल्या उंबऱ्याआड राहत होतो. असे दोन संवत्सर गेले.

सासूबाईंचे कपडे मोजके असतात. त्या रेशीम वापरत नाहीत. कोशातील जीव उकळून काढलेला धागा अंगावर नको, हा त्यांचा निश्चय लग्नाच्या आधीपासूनचा आहे. त्यामुळे सण असो वा लग्न, त्यांची साडी सुतीच. शिवाय रोज सकाळी दिवसभरात वापरायच्या वस्तूंची मर्यादा त्या मनाशी ठरवतात आणि त्यात वस्त्रेही मोजली जातात. चार दिवसांच्या प्रवासाला त्यांनी चारच साड्या घेतल्या. त्यांपैकी एक होती खास: रुंद काठाची पांढरीशुभ्र नागपुरी साडी. बाबूजींनी ती दुकानातून स्वतः निवडून दिली होती आणि पन्नासाव्या वाढदिवशीच तिची घडी मोडायची, असे सासूबाईंनी ठरवले होते.

धक्क्यावर सामानाची तपासणी झाली तेव्हा धाकट्या जावेच्या बॅगेतून छोटी प्रवासी इस्त्री निघाली. तेथील कर्मचाऱ्याने ती नम्रपणे बाजूला ठेवली, पावती दिली आणि उतरताना परत घेऊन जा असे सांगितले. ती जरा खट्टू झाली. नियम मात्र योग्यच होता. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते आणि बाहेरून मदत यायला वेळ लागतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि पुढे त्याच परंपरेतील नियमांत आगीपासूनच्या बचावाला मोठे स्थान मिळाले. चालू राहिलेली एक इस्त्री गादीवर विसरली तर हजारो माणसांचे प्राण धोक्यात येतात. म्हणून बहुतेक प्रवासी जहाजांवर इस्त्री आणि कपड्यांना वाफ देण्याचे यंत्र, दोन्ही खोलीत नेऊ देत नाहीत.

खोलीत बॅग उघडली आणि माझ्या काळजात धस्स झाले. खाखऱ्यांचा मोठा पत्र्याचा डबा मीच शेवटी वर ठेवला होता. त्याची कडा सासूबाईंच्या त्या साडीवर रुतली होती. पदरापासून निऱ्यांपर्यंत एक आडवी, खोल सुरकुती आणि तिच्या आजूबाजूला बारीक रेषांचे जाळे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी, सगळ्या कुटुंबाचे छायाचित्र काढायचे ठरले होते. जहाजावर पैसे देऊन कपडे इस्त्री करून मिळत होते; पण न नेसलेली साडी परक्या हाती द्यायला सासूबाई तयार होईनात. ‘‘राहू दे, अशीच नेसेन,’’ एवढेच म्हणाल्या. त्यांनी रागावले असते तर बरे वाटले असते.

बाबूजी खुर्चीत बसून पाहत होते. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात पुरता उघडत नाही आणि त्यांनी गादीवर बसणे सोडले आहे. वाटणीच्या वेळीही ते फारसे काही बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी धाकट्या जावेला हाक मारून आणायला सांगितले आणि आम्हा दोघींना समोर उभे करून म्हणाले, ‘‘कापडाशी घाई चालत नाही. त्याला आधी दमट करा, मग ताणा, मग सुकू द्या. इस्त्री तरी दुसरे काय करते?’’

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात घोळवले, कारण त्यात कापडाचे सगळे शास्त्र आहे. सुती धागा सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. ओलावा किंवा उष्णता मिळाली की हे बंध सुटतात. कापड ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ते पुन्हा जुळतात आणि कोरडे होताच तेथेच घट्ट बसतात. दमट हवेत दाबले गेलेले कापड म्हणूनच सुरकुती धरते, आणि तोच ओलावा देऊन सरळ ताणून वाळवले की ती सोडतेही. पॉलिएस्टरच्या धाग्यावर ओलाव्याचा असा परिणाम होत नाही, म्हणून ते सहसा चुरगळत नाही. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी जो धागा शोधला, तोच पुढे टेरिलीन नावाने आपल्या बाजारात आला. इस्त्री नको अशी पँट मागणारी गिऱ्हाइके एकेकाळी दुकानाच्या पायरीवर रांग लावत, हे बाबूजी अजून सांगतात. सुती कापडालाही तो गुण देण्याच्या संशोधनात अमेरिकेतील रूथ बेनेरिटो या विदुषीचे नाव अग्रभागी घेतले जाते. पण सासूबाईंच्या साडीत यांपैकी काहीच नव्हते. ते निव्वळ सूत होते आणि त्याला निव्वळ मेहनतच हवी होती.

पहिला उपाय सगळ्यांना माहीत असलेला: न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ करायची आणि कपडा तेथे टांगायचा. सासूबाईंनी तो ऐकताच मना केले. नुसत्या वाफेसाठी पाणी वाहू देणे त्यांना मान्य नव्हते. जहाजावर गोडे पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यापासूनच तयार करतात, हे कळल्यावर तर त्यांचा विचार अधिकच पक्का झाला. मग मधला मार्ग निघाला. अंघोळी तर सगळ्यांच्या होणारच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या अंघोळीच्या वेळी साडी न्हाणीघराच्या दाराशी, पाणी उडणार नाही अशा अंतरावर टांगली. चार जणांच्या अंघोळी होईपर्यंत बारीक रेषांचे जाळे बरेचसे विरले. टांगायला आकडे शेजारच्या खोलीतील एका कुटुंबाने दिले. खोलीच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात आणि त्यांवर चुंबकाचे आकडे घट्ट चिकटतात, ही गोष्ट आम्हाला त्यांच्याकडूनच समजली.

डब्याची ती खोल सुरकुती मात्र तशीच होती. बाबूजींनी ओल्या तळव्याने तिच्यावरून हात फिरवायला सांगितले; पाणी शिंपडायचे नाही, कारण डाग दिसेल आणि सुकायला वेळ लागेल. त्यानंतर साडी दोन टोकांना धरून ताणायची होती. साडेपाच मीटर कापड त्या इवल्याशा खोलीत उलगडणार कसे? आम्ही दोघी बाहेरच्या लांब बोळात आलो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

साडी ताणणे हे एकटीचे काम नाही. दोघींनी सारखाच जोर लावावा लागतो. एकीने जास्त ओढले तर काठ वाकडे होतात आणि एकीने ढिलाई केली तर सुरकुती हसत राहते. पहिल्या दोन वेळा आमचे जमले नाही. बाबूजी दारातून सांगत होते, ‘‘एकमेकींच्या हाताकडे पाहा, कापडाकडे नको.’’ तिसऱ्या वेळी जमले. जरा ताणून धरायचे, हलकासा झटका द्यायचा, पुन्हा धरायचे. मग घडी घालायची वेळ आली. साडीची घडी घालताना दोघींना एकमेकींकडे चालत यावे लागते. टोकाला टोक जुळवले, पुन्हा मागे गेलो, पुन्हा जवळ आलो. तिच्या हातातून काठ माझ्या हातात देताना ती अगदी हळू म्हणाली, ‘‘भाभी, मी इस्त्री आणायला नको होती.’’ मी म्हणाले, ‘‘मी डबा ठेवायला नको होता.’’ दोन वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेली ही पहिली बिनकामाची वाक्ये होती. आमच्या दोघींच्याही मनात इस्त्री आणि डबा यांपलीकडचे काही होते, हे दोघींनाही समजले. त्यावर अधिक बोललो नाही.

साडी पुन्हा उलगडून खोलीतल्या कोरड्या थंड हवेत दोन तास टांगून ठेवली, काठ खाली येतील अशी, म्हणजे काठाचे वजनच उरलेले काम करते. पाच वाजता सासूबाईंनी ती नेसली. सुरकुतीची अंधुक खूण निऱ्यांच्या आत दडून राहिली. छायाचित्रात ती दिसत नाही. पण मला ती कोठे आहे हे ठाऊक आहे.

‘इस्त्री’ हा शब्दच मुळात पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ताणणे, पसरणे असा आहे. त्यात उष्णतेचा उल्लेखही नाही. आपल्या आजी-पणज्या तांब्यात निखारे घालून कपड्यावर फिरवीत किंवा नीट घडी करून रात्रभर गादीखाली ठेवीत, तेव्हा त्याही हेच करीत होत्या. गोव्याच्या किनाऱ्याला जहाज लागले त्या सकाळी हे आठवून मला हसू आले.

परतीच्या दिवशी बाबूजींनी सगळ्यांच्या बॅगा आपल्या देखरेखीखाली भरून घेतल्या. उजवा हात मांडीवर, डाव्या हाताचे बोट दाखवण्यासाठी. त्यांनी सांगितलेले आपल्या वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते. सुती कपड्यांना प्रवासाआधी खळ देऊ नये. खळीच्या कपड्याची घडी कडक मोडते आणि ती सहज जात नाही. बनियन, मुलांचे विणीचे कपडे, टेरिकॉट यांच्या गुंडाळ्या कराव्यात. साडी आणि सदरा यांची घडी घालताना प्रत्येक मोडीच्या पोटात जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याची वळी ठेवावी. मोड गोलसर राहिली की तिची धार बसत नाही. दुकानात भारी कापडाचे ठाण फळीवर गुंडाळतात, ते याच कारणाने. जड कपडे खाली, नाजूक वर, आणि बॅग इतकी मोकळी नको की कपडे आत लोळतील, इतकी ठासून नको की त्यांचा श्वास कोंडेल. खाण्याचे डबे वेगळ्या पिशवीत. खोलीत पोचल्यावर चहाआधी कपडे टांगावेत. आणि कपडे कमी घ्यावेत. सुरकुत्याही कमीच पडतात. हे शेवटचे सासूबाईंचे.

भिवापूरला परतून आता काही महिने झाले. दुकाने अजून दोनच आहेत आणि दोनच राहतील; जे नीट वाटले गेले ते पुन्हा एक करण्याची गरज कोणाला वाटत नाही. पण बाबूजी आता आठवड्यातून दोनदा दुपारी दुकानात येऊन बसतात आणि नव्या पोऱ्यांना ठाण गुंडाळायला शिकवतात. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस धाकट्यांकडे. आणि सासूबाईंच्या साड्या वाळल्या की धाकटी जाऊ मागच्या दारातून हाक मारते. मी हातातले काम ठेवून जाते. एक टोक ती धरते, एक मी धरते.