लाल फुल्या

परवा आत्याचा फोन. "अरे, आईच्या पंचाहत्तरीच्या फिल्ममध्ये तिचं बोलणं मधेच तुटतंय. पुढचं तेवढं जोडून दे ना."

तुटत नाही, मीच कापलंय. 2006 साली, विंडोज एक्सपीवरच्या मूव्ही मेकरमध्ये. आजीचं बोलणं लांबलं आणि मला पुढे गाणं टाकायचं होतं...

म्हटलं, सोपं आहे. मूव्ही मेकरमध्ये कापलेला भाग फक्त लपतो, मूळ क्लिप अख्खीच राहते. प्रोजेक्ट उघडायचं, कड ओढायची, झालं! पण विंडोज 11 वर मूव्ही मेकर कुठला? त्याच्या नंतरच्या आवृत्तीचं अधिकृत डाउनलोडसुद्धा 2017 मध्येच बंद झालं.

मग व्हर्च्युअलबॉक्स टाकलं आणि त्यात जुन्या सीडीवरून एक्सपी. संगणकाच्या पोटात संगणक! रात्री दीडला ती हिरवी टेकडी दिसली आणि चक्क भरून आलं. प्रोजेक्टही उघडलं. टाइमलाइनवर ओळीनं लाल फुल्या!

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्रण नसतंच मुळी. असतात नुसते पत्ते : अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप, इथून इथपर्यंत. आणि डिस्कवर जागा हवी म्हणून ते फोल्डर मीच कधीतरी उडवलं होतं. सॉफ्टवेअर बिचारं इतक्या वर्षांनीही तयार होतं.

आत्याला खरं ते सांगितलं. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई काय बोलली ते मला आठवतंय. घरी ये, सांगते."

रविवारी जातोय. रेकॉर्ड करणार आहे. आणि या वेळी काहीही कापणार नाही.